कर्वेनगरच्या दुकानात लेखक वाचायला बोलावला, लोक झेरॉक्सला आले

वहीपुस्तक
१६ जून २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले आहे, धागा काढायची पहिलीच वेळ. चूकभूल द्यावी घ्यावी.

कर्वेनगरला आमचं दुकान आहे. सासऱ्यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, एरवी वह्या, पेनं, राख्या आणि झेरॉक्स. जागा ३८० चौरस फूट, वर माळा. तीन वर्षांपूर्वी सासरे थकले तेव्हा मी नोकरी सोडून गल्ल्यावर बसले. प्रोजेक्टच्या सामानाची चार कपाटं रिकामी केली आणि तिथे मराठी पुस्तकं लावली. सासरे एवढंच म्हणाले, "कविता ठेवतेयस? ठेव. फक्त झेरॉक्सचं मशीन विकू नकोस." नाही विकलं. दुकानाचं लाइटबिल अजून तेच भरतंय.

तर परवा शनिवारी, १४ तारखेला, दुकानात लेखक बोलावला. पहिलाच कथासंग्रह, माणूस साधा, कथा मला मनापासून आवडलेल्या. सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला, सत्तावन्न जणांचे अंगठे आले. सत्तावन्न! मी घाबरून मांडववाल्याकडून वीस खुर्च्या आणल्या, मनात म्हटलं बाकीचे उभे राहतील.

आले अकरा. त्यातले तीन लेखकाच्या घरचे, दोन त्याच्या ऑफिसातले, एक माझी नणंद.

साडेसहाचा कार्यक्रम सात वाजून पाच मिनिटांनी सुरू झाला. मी प्रास्ताविक केलं. लेखकाच्या मित्रानं परिचय करून दिला. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते, ते मराठी कथेच्या वाटचालीवर पस्तीस मिनिटं बोलले आणि १९६० पर्यंत येऊन थांबले. मग लेखक 'माझी लेखनप्रक्रिया' यावर बोलला. प्रत्यक्ष कथा वाचायला सुरुवात झाली तेव्हा आठ वाजून गेले होते. कथेत म्हातारी बंद घराचं कुलूप उघडते, त्या वाक्याला एक गृहस्थ दारातून म्हणाले, "ताई, आधारची दोन्ही बाजू एकाच पानावर." मी नाही म्हणू शकले नाही, त्यांना सकाळी कुठेतरी द्यायची होती. मशीन गरम व्हायला चाळीस सेकंद घेतं आणि तेवढा वेळ घरघरतं. लेखक बिचारा पुस्तकात बोट घालून थांबला.

आता हिशोब. खुर्च्या २००, चहा ३००, फ्लेक्स ४००, शाल-श्रीफळ ३८०, पुष्पगुच्छ १५०. एकूण १४३०. पुस्तकाची किंमत २५०, मला कमिशन ३० टक्के, विकल्या गेल्या चार प्रती, म्हणजे ३०० रुपये. ११३० घरातून गेले. पैशांचं एवढं नाही, दोन-चार हजार मी बाजूला काढलेच होते. पण नणंद जाताना म्हणाली, "छान झाला हं, अगदी एखाद्या हॉलमधल्यासारखा," आणि तेच मला टोचतंय. हॉलमधल्यासारखाच करायचा तर हॉल आहेत की पुण्यात.

मला हे सोडायचं नाहीये. फक्त माझं काय चुकतंय ते सांगा. तिकीट लावावं का? लेखकाला मानधन द्यायचं असतं का, किती? आणि अंगठा दाखवणाऱ्यांचं काय करायचं?

---

नदीपलीकडचा
१६ जून २०२५, रात्री ११.१५

१४ जूनला संकष्टी होती, ताई. चंद्रोदय रात्री उशिरा. ज्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तुम्ही निरोप टाकलात तिथली निम्मी मंडळी उपाशीपोटी घड्याळ बघत बसलेली असणार.

बरं, आज १६ तारखेला शाळा उघडल्या. त्याच्या आदल्या शनिवारी वह्यांच्या दुकानात साहित्य? माझ्या बायकोला त्या दिवशी दोन दुकानं फिरून खाकी कव्हरं मिळाली नाहीत. तुम्ही कथा ऐकत होतात तेव्हा ती तिसरं दुकान शोधत होती.

तिकिटाचं म्हणाल तर लावू नका. पुणेकर बालगंधर्वला तीनशे रुपये देऊन नाटक बघतो, पण पुस्तकवाल्याकडे पंचवीस मागितले तर म्हणेल, एवढ्यात पुस्तकच नाही का येत?

---

वहीपुस्तक
१६ जून २०२५, रात्री ११.३२

संकष्टी खरंच लक्षात आली नाही. शाळेचं लक्षात होतं. उलट मला वाटलं, गर्दी असतेच, तिच्यातले चार जण थांबतील. कव्हरं आहेत आमच्याकडे, वहिनींना पाठवा.

---

निवृत्त_ग्रंथपाल
१७ जून २०२५, सकाळी ६.५०

एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. आता मुलाकडे वारज्याला असतो. तुमचा हिशोब वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण शाल-श्रीफळाच्या खर्चाची व्हाउचरं मी आयुष्यभर लिहिली.

संकष्टीचं ठीक आहे, पण मुद्दा तो नव्हे. अंगारकी असो नाहीतर भारत-पाकिस्तान सामना, यायचा तो येतो. तुमच्या कार्यक्रमात वाचनच नव्हतं. पावणेदोन तास धरले तर कथेला मिळाली दहा-बारा मिनिटं, तीही झेरॉक्स धरून.

पुण्याला व्याख्यान ऐकायची सवय आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालू आहे. दीडशे वर्षांची सवय, ती अंगात मुरते. म्हणून इथे लेखक दिसला की आपण त्याला बोलायला लावतो. तो लिहिणारा माणूस, बोलणारा नव्हे, हे विसरतो. मग तो लेखनप्रक्रियेवर बोलतो, आणि लेखनप्रक्रियेवर जगातला कुठलाही लेखक तेच बोलतो.

ऐकायची दुसरी रीतही आपल्याकडे आहे, फक्त ती साहित्यवाल्यांनी आपली मानली नाही. माझे आजोबा श्रावणात पांडवप्रताप लावायचे. रोज रात्री जेवणं झाली की ओसरीवर कंदील, एक जण वाचायचा आणि आजोबा अर्थ सांगायचे. पोथीतलं पुढे काय होणार हे सगळ्यांना पाठ. तरी रोज तीच माणसं, त्याच जागी. प्रास्ताविक नाही, परिचय नाही, आभार नाहीत. एखादी बाई मधेच उठून दूध उतू जातंय का बघून यायची आणि परत बसायची, कुणी वळूनही बघत नसे. तुमचं आधार कार्ड त्या ओसरीवर खपून गेलं असतं.

ग्रंथालयात मी हेच केलं. दर बुधवारी संध्याकाळी वीस मिनिटं मोठ्यानं वाचन. वाचणारा आमचा लिपिक, त्याचा आवाज चांगला होता. पहिल्या दिवशी सहा जण, त्यातले दोघे पेपर चाळायला आलेले आणि उठायचा संकोच वाटला म्हणून बसलेले. लेखक वगैरे कुणी नाही. चार महिने असंच चाललं. पंधरा-सोळा माणसं कायमची झाली तेव्हा पहिला लेखक बोलावला. तो एसटीनं आला, आणि त्याच्यासमोर आधीपासून एकमेकांना ओळखणारी माणसं बसली होती. लेखकासाठी माणसं गोळा करायची म्हटलं की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. एकमेकांसाठी येणारी माणसं असली की लेखक पाहुणा म्हणून शोभतो.

तुम्ही वार एक धरा आणि सोडू नका. महिन्याचा तिसरा गुरुवार घ्या. (पुण्यात पाणी बंद असलं तर ते गुरुवारीच असतं, त्यामुळे वार लोकांच्या लक्षात राहतो.) सव्वासातला सुरू, आठला दिवा बंद. एक जण आला तरी सुरू, लेखकाची वाट बघायची नाही आणि आमदाराची तर नाहीच. ग्रुपवर अंगठे मागू नका, अंगठा म्हणजे 'वाचलं' एवढंच. वही ठेवा, आलेल्याचं नाव आणि फोन लिहून घ्या, आणि आदल्या दिवशी दहा जणांना स्वतः फोन करा. दुकानात नेहमी येणारे दहा जण तुम्हाला चेहऱ्यानं माहीत असतीलच. फोन केलेला माणूस आला नाही तर निदान सबब सांगतो, आणि सबब सांगितलेला माणूस पुढच्या वेळी येतो. हे अनुभवाचं आहे.

फ्लेक्सचे ४०० तर वाचवाच. खांबावर लावला असेल तर महापालिकेची परवानगी लागते, तीही असावी असं वाटत नाही.

---

वहीपुस्तक
१७ जून २०२५, दुपारी २.१०

काका, परवानगी नव्हती. रविवारी सकाळी गुपचूप काढला. आता त्याच्या मागच्या बाजूनं माळ्यावरच्या गठ्ठ्यांना पावसापासून झाकलंय.

तिसरा गुरुवार धरते. १७ जुलै.

---

दीडपुस्तक
१७ जून २०२५, रात्री ९.२५

मी पलीकडच्या बाजूनं लिहितो. एक पुस्तक आलंय, अर्धं ड्रॉवरमध्ये आहे, म्हणून हे नाव. घरात सात शाली आहेत. पुण्यात थंडी किती पडते?

लेखकाला "काहीतरी वाचा" म्हणू नका. आम्ही पहिलं पान काढतो, कारण दहा वेळा लिहिल्यामुळे ते आम्हाला आवडतं. ऐकणाऱ्याला मधला प्रसंग लागतो, जिथे दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. तुम्ही पुस्तक वाचलेलं आहे, तेव्हा पान तुम्हीच ठरवून द्या. आणि लेखकाला आदल्या रात्री घरी घड्याळ लावून एकदा मोठ्यानं वाचायला सांगा. छापील पानाला साधारण दोन मिनिटं धरा. बारा मिनिटं म्हणजे सहा पानं, त्याच्या पुढे लक्ष उडतं, माझं स्वतःचंसुद्धा. डोळ्यांना चालणारं वाक्य तोंडाला चालेलच असं नाही. मी एकदा जाहीर वाचताना स्वतःच्याच वाक्यात अडकलो, क्रियापद येईचना. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य मोडलं. आवृत्ती यायची आहे अजून.

मानधन द्या. पाचशे द्या, पण पाकिटात, आणि आधी सांगून. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला (गाव सांगत नाही) मला हार, नारळ आणि 'पुढच्या वेळी नक्की' मिळालं, रिक्षा माझी मी केली. शालीचे ३८० आणि गुच्छाचे १५० धरले तर तुमच्याकडे पाचशे होतेच की.

पुस्तकं विकत आणून ठेवू नका, जांगड घ्या. प्रकाशक सहसा नाही म्हणत नाहीत, वीस प्रती न्यायच्या आणि उरलेल्या महिन्यात परत करायच्या. चलनावर तारीख आणि प्रती नीट लिहून घ्या. कमिशन ३० घेताय, लेखक समोर बसून विकणार असेल तर ३५ मागून बघा. पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे तो घोळही नाही.

आणि 'आता प्रश्नोत्तरं' असं जाहीर करू नका, पाया पडतो. तसं म्हटलं की मागच्या रांगेतले एक काका उठतात आणि प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं प्रवासवर्णन सांगतात. चहा द्या. चहाच्या कपासोबत लोक खरे प्रश्न विचारतात. मला एका बाईंनी कप परत ठेवता ठेवता विचारलं होतं, "तुमच्या कथेतली आई जेवते कधी?" अख्ख्या कथेत ती कुणाकुणाला वाढते, स्वतः जेवत नाही. मला ते लिहिताना दिसलंच नव्हतं.

---

वहीपुस्तक
१८ जून २०२५, सकाळी ११.०५

जांगड शब्द सासऱ्यांच्या तोंडून गाइडांच्या बाबतीत ऐकलेला, कथासंग्रहांना लावायचं सुचलंच नाही.

एक शंका. ग्रंथपाल काकांनी सांगितलं तसं लेखक नसताना आम्हीच वाचायचं ठरवलं, तर ते चालतं का? कॉपीराइटचं काय?

---

नदीपलीकडचा
१८ जून २०२५, दुपारी १२.४०

वकिली करतो म्हणून सांगतो, फी लावत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच सवलत आहे. प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीतला वाजवी उतारा लोकांसमोर वाचून दाखवला तर हक्कभंग होत नाही. 'वाजवी' म्हणजे किती पानं हे कायदा सांगत नाही. कादंबरीतलं एक प्रकरण चालावं. अख्खी कथा वाचायची तर लेखकाला एक मेसेज करा आणि 'हो' आलेलं जपून ठेवा. मराठी लेखक वाचून दाखवायला नाही म्हणेल असं मला वाटत नाही, त्याला आश्चर्यच वाटेल.

लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो. हरिभाऊ आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचं कितीही वाचा, रोज वाचा.

मात्र मोबाइलवर चित्रण करून इंटरनेटवर टाकणं हा वेगळा विषय, त्याला ही सवलत पुरेल असं धरू नका. तिथे लेखी परवानगी घ्या. आणि माइक लावू नका. ३८० चौरस फुटांत माइक लावणारा माणूस मी ओळखतो, त्याचा दोन गल्ल्यांत दरारा आहे.

---

खिडकीची_सीट
१८ जून २०२५, रात्री ११.५०

मी तेवीस वर्षांची आहे, शेजारीच पीजीत राहते, बहुतेक तुमच्याच दुकानातून झेरॉक्स काढते. कार्यक्रम झाला हे मला हा धागा वाचून कळलं! सोसायटीच्या ग्रुपवर भाडेकरू मुली नसतात हो. पीजीच्या जिन्यात एक ए-फोर चिकटवा, हातानं लिहिलेला. झेरॉक्स तर तुमचीच.

बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये लोक जमून गुपचूप आपापलं पुस्तक वाचतात, तसं आता पुण्यातही बागेत भरतं. मी दोनदा गेले. कुणी काही बोलत नाही, फोटो काढतात आणि निघतात. छान आहे, पण घरी आल्यावर जास्तच एकटं वाटलं. कुणीतरी मोठ्यानं वाचतंय आणि मी नुसती बसलेय, हे मला चौथीनंतर मिळालेलं नाही. मी येईन. सव्वासात जमत नाही, हिंजवडीहून येते, साडेसात करा ना.

---

वहीपुस्तक
२२ ऑगस्ट २०२५, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. दोन गुरुवार झाले, १७ जुलै आणि काल.

जुलैत लेखक बोलावलाच नाही. काकांचं ऐकून दहा फोन केले. सहा जण आले, दोघांनी सबबी सांगितल्या (त्यातल्या एक काल आल्या, काका!), दोघांनी फोन उचलला नाही. मी लक्ष्मीबाई टिळकांचं वाचलं. पहिली दोन पानं माझा आवाज थरथरत होता. बँकेत ऑडिटरसमोर नव्हता थरथरला कधी. सासरे गल्ल्यावर बसले होते आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते. तिसऱ्या पानाला म्हणाले, "जरा सावकाश."

काल लेखक होता. जूनमधलाच, तोच. मीच म्हटलं त्याला, तुमची कथा अर्धवट राहिलीय, ती म्हातारी अजून कुलपापाशी उभी आहे. पान मी काढून दिलं. साडेसातला सुरू, आठ वीसला संपलं. आठवडाभर पाऊस, तरी चौदा जण. खिडकीची सीट मैत्रिणीला घेऊन आली. पाचशे पाकिटात दिले, तो घेईना, मग त्याच पैशांची पुस्तकं घेऊन गेला. चहाचे दोनशे झाले. फ्लेक्स नाही, शाल नाही. खुर्च्या गल्लीतल्या गणपती मंडळानं फुकट दिल्या.

विक्री नऊ पुस्तकं, पण त्याची तीनच. बाकीची सहा लोकांनी चहा पिता पिता कपाटातून काढली, त्यात तीन वर्षं हललेला नव्हता असा एक कवितासंग्रहही गेला. हे अपेक्षित नव्हतं, आणि लेखकाला कसं वाटलं असेल कळत नाही. दीडपुस्तक, तुम्ही सांगा, वाईट वाटतं का अशा वेळी?

झेरॉक्सचं मात्र सुटलेलं नाही. 'साडेसात ते सव्वाआठ बंद' अशी पाटी लावली, तर एका बाईंनी पाटी वाचली आणि विचारलं, "हो, पण एकच आहे." काढून दिली. वाचन थांबवलं नाही कुणी, घरघरीत दोन वाक्यं गेली.

आता अडचण अशी. बुधवारी, २७ तारखेला गणपती बसतायत, मंडळाला खुर्च्या परत हव्यात आणि नंतर त्या नवरात्रात जाणार. सप्टेंबरचा तिसरा गुरुवार १८ ला. सतरंजी आहे, पण चौदातल्या सहा जणांचे गुडघे खाली बसणारे नाहीत. भाड्यानं आणायच्या तर परत दर महिन्याला दोनशे. घडीचे स्टूल कुठे स्वस्तात मिळतात का?

---

दीडपुस्तक
२२ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४८

वाईट वाटतं. रिक्षात बसेपर्यंत. नऊ गेली म्हणजे पुढच्या महिन्यातही दिवा लागणार, हे घरी पोचल्यावर सुचतं. मला कधी बोलावताय?

---

निवृत्त_ग्रंथपाल
२३ ऑगस्ट २०२५, सकाळी ६.४०

स्टूल घेऊ नका, पाठ दुखते. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली बंद पडलेल्या शिकवणीचे तीन लाकडी बाक पडून आहेत, प्रत्येकावर तीन जण बसतात. सेक्रेटरीशी कालच बोललो, न्या म्हणतात. टेम्पो तुमचा. एका बाकाचा पाय डुगडुगतो, त्याखाली ठेवायला एखादं जुनं गाइड आणा.